चार दात, एक केक!

बाळाचा पहिला वाढदिवस आजी-आजोबांकडे, अमरावतीच्या राजापेठेत करायचा ठरलाय? घरात ओव्हन नाही? नो टेन्शन. ओट्याखालचा जुना कुकर बाहेर काढा...

पहिल्या वाढदिवसाचा कुठलाही फोटो आठवून बघा. मधोमध दोन मजली केक, त्यावर एखादं कार्टून, मागे फुगे आणि आईच्या कडेवर भेदरलेलं बाळ. एका सुरीवर पाच जणांचे हात. मग बाळाच्या ओठांना क्रीमचं बोट लागतं, बाळ तोंड वाकडं करतं आणि टाळ्या! केक पाहुणे खातात. उत्सवमूर्ती आतल्या खोलीत मऊ भात खाऊन झोपलेली असते. ज्याचा वाढदिवस, त्यालाच चालत नाही असा केक आपण हौसेनं आणतो, ही कमालच नाही का?

पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या वऱ्हाडी जोडप्यांच्या बाळांचा हा दिवस बहुतेक वेळा गावीच साजरा होतो. शुक्रवारी ऑफिस सुटलं की थेट स्टेशन, रात्रभर अमरावती एक्स्प्रेस, सकाळी रिक्षानं राजापेठ. हातात दोनच दिवस. त्यात केक घरी करायचा म्हटलं की आजींचा पहिला प्रश्न ठरलेला, ''लेकराले दात तं चारच हायेत, केक खाईन कोन?''

आजींचा मुद्दा बरोबर आहे. उत्तर एवढंच, की त्या चार दातांना जमेल असाच केक करायचा.

म्हणजे कसा? तर बिनसाखरेचा. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांच्या आहाराबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. जास्त साखरेचे पदार्थ आणि गोड पेयं या वयात नकोत, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. साखरेऐवजी मध घालावा असं कुणीतरी हमखास सुचवतं. तो मोह टाळा. मधात कधी कधी बोट्युलिझम या गंभीर आजाराच्या जिवाणूंचे बीजाणू असतात आणि ते केकच्या आचेनं मरत नाहीत. वर्ष पूर्ण होण्याआधी मध नाहीच. केकवरच्या त्या चकचकीत चंदेरी गोळ्या आणि अख्खे काजू-बदामही नकोत, घशात अडकू शकतात. गोडव्यासाठी केळी आणि खजूर भरपूर झाले. (खजुरातही साखर असतेच, पण त्याबरोबर थोडा चोथा तरी पोटात जातो. शिवाय बाळाच्या वाट्याला येणार दोन घास!)

आता ओव्हनचं. वऱ्हाडात भाजण्याचं तंत्र काही परदेशातून यायला नको. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात, राखेत पुरून भाजलेले रोडगे आणि सोबत वांग्याची भाजी ज्यानं खाल्लीय, त्याला चहूबाजूंनी मंद आच म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. कुकरचा केक त्याच तत्त्वावर होतो. वर वीज गेली तरी काम अडत नाही. भारनियमनाच्या दिवसांत वाढलेल्या पिढीला याची किंमत वेगळी सांगायला नको!

दहा बिया काढलेले खजूर अर्धा कप कोमट दुधात अर्धा तास भिजवा आणि बारीक वाटा. दोन चांगली पिकलेली केळी कुस्करून त्यात मिसळा. पाव कप दही, पाव कप पातळ केलेलं साजूक तूप आणि थोडी वेलदोड्याची पूड घाला. दुसऱ्या भांड्यात दीड कप कणीक, अर्धा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा दोनदा चाळून घ्या. दोन्ही एकत्र करा, पण फेटत बसू नका. जास्त ढवळलं की कणकेला चिवटपणा येतो. पीठ इडलीच्या पिठाहून थोडं घट्ट हवं. आणि एकदा सोडा ओला झाला की थांबायचं नाही. दह्यातल्या आंबटपणाशी त्याची गाठ पडली की वायूचे बुडबुडे सुटायला लागतात आणि केक फुगतो तो त्यांच्याच जोरावर. पीठ तसंच ठेवून गप्पा मारल्यात तर ते निघून जातील.

कुकर आधीच तापत ठेवलेला हवा. शिट्टी आणि रबरी रिंग दोन्ही काढायची, पाणी अजिबात नाही. तळाला कपभर जाडं मीठ, त्यावर जाळी. दहा मिनिटं गरम झालं की तूप-पीठ लावलेलं डब्यातलं मिश्रण आत ठेवा आणि आच अगदी मंद करा. पाऊण तास लागेल. पहिली पस्तीस मिनिटं झाकण उघडून बघायचं नाही, कितीही उत्सुकता असली तरी! मग सुरी खुपसून बघा, कोरडी निघाली की झालं. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा पालथा घालू नका. ते मीठ बाटलीत भरून पुढच्या केकसाठी ठेवा, स्वयंपाकात नको. आणि नवा कुकर यासाठी वापरू नका, रिकामा तापवणं त्याला मानवत नाही.

अंड्याचं काय? एरवी बाळाला अंडं चालतं, पण बऱ्याच घरांत ते चुलीपर्यंत येत नाही. फार वाईट वाटून घेऊ नका. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याच्या बायकोला अंडी आणि यीस्ट दोन्ही सोसत नसत. तिच्यासाठी त्यानं 1837 मध्ये बिनअंड्याचं कस्टर्ड आणि 1843 मध्ये बेकिंग पावडर तयार केली. थोडक्यात, हा चमचाभर पांढरा भुगा बायकोच्या पथ्यातूनच जन्मलाय.

गहू, दूध, केळं यातलं काहीही बाळानं आधी कधी खाल्लं नसेल तर ते चारेक दिवस आधी थोडं देऊन बघा. घरभर पाहुणे असताना अंगावर पुरळ उठलेलं कुणालाच नको असतं.

सजावट? मे महिन्यात पारा 44-45 वर गेला की राजापेठेत क्रीमचा केक गॅलरीत पाच मिनिटंही टिकत नाही. त्यापेक्षा चक्का! रात्री ताजं दही फडक्यात बांधून फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी त्यात आंब्याचा गर कालवून वर लावा. वाढदिवस थंडीत असेल तर मजाच, वरूड-मोर्शीची संत्री बाजारात आलेली असतात. दह्याऐवजी पाव कप संत्र्याचा रस घाला, आंबटपणाचं काम तोही करतो.

आणि मेणबत्ती. ''दिवा विझवून कायचा वाढदिवस?'' यावरून घराघरांत वाद झालेत. आधी औक्षण, मग केक, हा तह बहुतेक ठिकाणी चालतो. तसंही एका वर्षाच्या बाळाला फुंकर मारता येत नाही. ते ज्योत पकडायलाच जाईल, तेव्हा निरांजनही हाताच्या टप्प्याबाहेरच फिरवा.

केळी-दह्याचा केक उन्हाळ्यात त्याच दिवशी संपवा, फ्रिजमध्ये दोन दिवस राहील. परतीच्या गाडीत डब्यातून न्यायचा असेल तर चक्का न लावलेला तुकडा वेगळा काढून ठेवा. रात्री अकोल्याच्या आसपास बाळाला भूक लागतेच.