घरचा चार्जर : भिंतीवरची पेटी आणि जमिनीतली तार



तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याने विजेच्या गाडीच्या चार्जरवर का बोलावं, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. त्याचं उत्तर सरळ आहे. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडे विजेच्या गाड्या आता दिसू लागल्या आहेत आणि ज्याने गाडी नोंदवली तो भेटला की पहिला प्रश्न असतो, "सर, खंयचो चार्जर घेवचो?" या प्रश्नावर एखाद्या कंपनीचं नाव सांगून मोकळं होता येईल, पण आम्ही ते करणार नाही. कारण हा प्रश्न शेवटचा आहे आणि आपण तो पहिला विचारतो. आधी आपली गरज किती ते पाहावं. मग घरची वायरिंग किती सोसेल ते पाहावं. मग घराखालची जमीन साथ देते का ते पाहावं. पेटीची निवड त्यानंतर. आज आपण याच क्रमाने जाऊ.

सुरुवात नावापासून करू. भिंतीवर बसवतात त्या पेटीला आपण चार्जर म्हणतो, पण खरा चार्जर गाडीच्या आत असतो. घरात येते ती एसी वीज, बॅटरीला लागते डीसी. हा बदल करणारं यंत्र गाडीतच बसवलेलं असतं. भिंतीवरची पेटी हा एक शहाणा स्विच आहे. ती गाडीला सांगते की इतके अँपियर ओढायला हरकत नाही, अर्थिंग ठीक आहे की नाही ते तपासते, आणि मगच वीज सोडते. हे कळलं की निम्मा गोंधळ संपतो. २०२० साली आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटांची होती आणि गाडीतला चार्जर तीन किलोवॅटच्या थोडा वर. अशा गाडीसमोर ७.२ किलोवॅटची महागडी पेटी लावली, तरी गाडी तीनच किलोवॅट घेणार. घागरीचं तोंड लहान असेल तर नळ मोठा करून उपयोग नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी गाडीच्या पुस्तिकेत 'एसी चार्जिंग क्षमता' किती लिहिली आहे ते वाचावं.

आता गरजेचा हिशोब. मालवणहून कुडाळला नोकरीला जाणारा माणूस जाऊन-येऊन साधारण साठ किलोमीटर चालवतो. लहान गाडी एका युनिटात सात किलोमीटरच्या आसपास जाते. म्हणजे दिवसाला नऊ युनिटं, चार्जिंगमध्ये वाया जाणारी धरून दहा. २३० व्होल्ट आणि १५ अँपियर यांचा गुणाकार होतो ३,४५० वॅट, म्हणजे जवळजवळ साडेतीन किलोवॅट. गाडीसोबत जी केबल मिळते ती अशाच १५ अँपियरच्या सॉकेटला लागते. तिच्यावर दहा युनिटं भरायला तीन-साडेतीन तास लागतात. रात्री दहाला लावली तर दीडला काम झालं. मोठी पेटी हेच काम दीड तासात करील, पण तेव्हाही आपण झोपलेलेच असणार! जो चिपी विमानतळावरून प्रवासी आणतो, दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटर गाडी पळवतो, त्याचं गणित वेगळं. त्याला पंचवीस-तीस युनिटं लागतील, आणि त्याच्या गाडीत क्षमता असेल तर ७.२ किलोवॅटची पेटी त्याने जरूर घ्यावी. बाकीच्यांनी 'जास्त वेगाचं ते जास्त चांगलं' ही समजूत एकदा तपासून पाहावी.

गरज ठरली की घराकडे वळायचं. महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो. तो आपल्यापैकी फार थोडे लोक वाचतात. जुन्या घरांचा हा आकडा एक-दोन किलोवॅट असतो, आणि एकटी गाडी साडेतीन मागते. तेव्हा भार वाढवण्याचा अर्ज हे पहिलं काम. ७.२ किलोवॅटची पेटी बसवायची तर ३२ अँपियर एकाच तारेतून तासन्तास वाहणार. त्यासोबत पंप आणि गिझर चालणार असेल तर थ्री फेज जोडणीचा विचार करावा लागतो.

'तासन्तास' हा शब्द महत्त्वाचा आहे. इस्त्री किंवा मिक्सर थोडा वेळ चालतो आणि तार थंड होते. गाडी मात्र रात्रभर पूर्ण भार ओढते. आपल्याकडे घर आत, खळ्यापलीकडे, आणि गाडी गडग्याबाहेर रस्त्यालगत, अशी मांडणी पुष्कळ ठिकाणी असते. मीटरपासून गाडीपर्यंत चाळीस मीटर अंतर सहज होतं. तिथे घरात उरलेली दीड चौरस मिलिमीटरची तार ओढली, तर १५ अँपियरला चौदा-पंधरा व्होल्ट वाटेतच गळतात आणि दोनशे वॅटहून जास्त उष्णता तारेत निर्माण होते. त्याच ठिकाणी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घातली तर गळती साडेपाच व्होल्टांवर येते. संध्याकाळी आधीच व्होल्टेज कमी असलेल्या वाडीत हा फरक जाणवतो. ३२ अँपियरसाठी सहा चौरस मिलिमीटर, आणि अंतर लांब असेल तर दहा. ही लाइन मेन बोर्डापासून स्वतंत्र हवी, तिच्यावर दुसरं काही नको. एक्स्टेन्शन बोर्ड तर मुळीच नको.

आता आम्ही त्या मुद्द्याकडे येतो ज्यासाठी हे व्याख्यान आहे. तो म्हणजे अर्थिंग.

खांबावरून आपल्या घरात बहुधा दोन तारा येतात, फेज आणि न्यूट्रल. तिसरी, अर्थिंगची, आपण आपल्या अंगणात खड्डा घेऊन तयार करायची असते. गाडीच्या धातूच्या अंगात चुकून वीज उतरली, तर तिला जमिनीत जायला वाट मिळावी यासाठी ती असते. पण आपली जमीन कसली आहे? सड्यावर जांभा दगड, वर वीतभर माती. एप्रिल-मे महिन्यात हा दगड कोरडा ठणठणीत होतो आणि वीज सहज आत घेत नाही. त्याच खड्ड्याची मोजणी जुलैत केली तर आकडा उत्तम येतो. म्हणून अर्थिंगची मोजणी मे महिन्यात करावी, पावसाळ्यात केलेली मोजणी आपली समजूत घालते. देवबाग-तारकर्लीच्या वाळूत उलटा प्रकार. तिथे थोडं खणलं की ओल लागते, अर्थिंग चांगलं मिळतं, पण तीच खारी ओल लोखंडी पाइप आणि पट्टी खाऊन टाकते. तिथे तांब्याचा मुलामा दिलेली कांडी घालावी आणि जोड दरवर्षी उघडून पाहावा.

आकड्यांत सांगतो. समजा, अर्थिंगचा रोध २० ओहम आहे. गाडीच्या अंगात २३० व्होल्टची फेज उतरली, तर जमिनीत जाणारा प्रवाह २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपियर. आपला एमसीबी १६ किंवा २० अँपियरचा. त्याच्या दृष्टीने काहीच घडलेलं नाही! तो पडणार नाही, आणि गाडीचं अंग जिवंत राहील. पहाटे ओल्या खळ्यात अनवाणी उभं राहून कोणी दार उघडायला हात लावला, तर पुढचं सांगायला नको. इथे उपयोगी पडतो तो आरसीसीबी. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपियरचा फरक दिसला की तो तोडतो. साडेअकरा अँपियर म्हणजे त्याच्या साडेतीनशेपटीहून जास्त, तेव्हा तो क्षणात पडतो. एमसीबी तारेला वाचवतो, आरसीसीबी माणसाला. दोन्ही हवेत. दुकानात मागताना '३० मिलिअँपियर, टाइप ए' असं स्पष्ट सांगावं. घरात सर्रास असतो तो टाइप एसी गाडीसाठी पुरेसा नाही, कारण गाडीतल्या यंत्रणेतून गळणाऱ्या विजेचं रूप वेगळं असतं.

आणि आता सर्वांत घातक गोष्ट. अर्थिंग नसेल तर चांगली गाडी किंवा चांगली पेटी चार्जिंग सुरूच करत नाही, लाल दिवा दाखवते. मग कुणीतरी हुशार माणूस सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ यांना तारेच्या तुकड्याने जोडतो. दिवा हिरवा होतो, चार्जिंग सुरू होतं, सगळे खूश. आमच्या न्यायशास्त्रात याला नाव आहे : हेत्वाभास. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. पण धुक्याला धूर समजून अग्नीचं अनुमान केलं तर तो हेतू नव्हे, हेतूचा आभास. इथे हिरवा दिवा हा धूर आणि जमिनीतलं अर्थिंग हा अग्नी. तारेच्या त्या तुकड्याने आपण धुकं निर्माण करून गाडीला धूर म्हणून दाखवतो. पुढे वादळात किंवा गंजलेल्या टर्मिनलवर मागची न्यूट्रल तुटली, की घरातल्या चालू उपकरणांतून आलेली फेज याच तुकड्यावरून गाडीच्या अंगावर येते. शिवाय असा जोड दिला की आरसीसीबी वारंवार पडू लागतो, मग त्यालाही वगळलं जातं. म्हणजे शंका घेणारी एकेक गोष्ट आपण गप्प करत जातो. लाल दिवा लागला तर गाडीवर चिडू नका, ती खरं बोलते आहे. खड्डा दुरुस्त करा. एका कांडीने भागत नसेल तर अंतर ठेवून दुसरी घाला आणि दोन्ही जोडा.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१९ साली विद्युत सुरक्षेच्या विनियमांत चार्जिंग केंद्रांसाठी प्रकरण घातलं. सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच असावा, प्रत्येक जागेला स्वतंत्र सर्किट आणि आरसीसीबीसारखं संरक्षण असावं, जोडकेबल वापरू नये, हे त्यात आहे. घरासाठीही हीच मोजपट्टी धरावी. त्यात आपल्या किनाऱ्याची काही कलमं आपण घालावीत. पेटी आयपी ६५ दर्जाची घ्यावी आणि तरीही पडवीत, नैऋत्येच्या झडीपासून आडोशाला बसवावी. खाऱ्या वाऱ्याने पितळेवर हिरवी पुटं चढतात, म्हणून गणपतीच्या आधी वायरमनकडून सगळी टर्मिनल्स तपासून आवळून घ्यावीत. आणि गाडी किंवा पेटी, दोन्ही माडाखाली नकोत, हे मालवणात सांगायची गरज नाही.

मे २०२१ मधलं तौक्ते वादळ आपण विसरलेलो नाही. खांब पडले, गावंच्या गावं कित्येक दिवस अंधारात होती. वीज जाताना आणि विशेषतः येताना जे झटके बसतात त्यांसाठी बोर्डात सर्ज संरक्षण बसवावं. गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवावा. आणि छतावर सौर पॅनेल आहेत म्हणून वादळातही गाडी भरेल, असं मानू नये. साधी ग्रिडला जोडलेली सौर यंत्रणा लाइन गेली की स्वतःही बंद होते, कारण खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव त्यावर असतो.

शेवटी बिल. घरगुती दराचे टप्पे शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटांवर बदलतात. ज्या घरात १२० युनिटं जळतात तिथे गाडीची महिन्याला २५० मिळवली की आकडा ३७० होतो, आणि वरची सत्तर युनिटं महाग दराने येतात. पेट्रोलशी तुलना करताना सरासरी दर न धरता हा वाढीव दर धरावा. ज्यांची न्याहारी-निवासाची सोय आहे त्यांनी आणखी एक पाहावं. एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने खुलासा केला की गाडी चार्ज करून देणं ही वीजविक्री नसून सेवा आहे, त्यासाठी विजेचा परवाना लागत नाही. पण परवाना लागत नाही याचा अर्थ घरगुती दर चालतो असा नव्हे. पाहुण्यांकडून पैसे घ्यायचे असतील तर महावितरणच्या कार्यालयात जाऊन योग्य वर्गवारीचं स्वतंत्र मीटर विचारावं.

तेव्हा काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या आणि त्याच्याकडून चार गोष्टी कागदावर मागा : तारेचा आकार, आरसीसीबीचा प्रकार, अर्थिंगचा मोजलेला रोध, आणि मोजणीची तारीख. यातली तारीख पावसाळ्यातली असेल तर मे महिन्यात पुन्हा मोजायला सांगा. हे चार आकडे हातात आले की कोणत्या कंपनीची पेटी घ्यायची हा प्रश्न पुष्कळ सोपा होतो. प्रमाणित असलेली आणि जिचा दुरुस्ती करणारा माणूस कुडाळ-कणकवलीपर्यंत तरी येतो, अशी कोणतीही चालेल.

आता तुमचे प्रश्न असतील ते घेऊ.