गंज, रंग आणि विक्री

कोंकणच्या किनाऱ्यावर होडी पाण्याबाहेर काढावयाची म्हणजे चार माणसांचे खांदे आणि खालीं घातलेले लाकडी ओंडके, एवढ्यावर काम भागत आलेलें आहे. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या देशांत मात्र सामान्य गृहस्थाची लहानशी होडी पुष्कळदां समुद्राकांठीं राहात नाहीं. ती त्याच्या घराच्या अंगणांत राहते. सुटीच्या दिवशीं तिला एका पोलादी गाड्यावर चढवून मोटारीमागें जोडतात, किनाऱ्यावरील उतारावरून तो गाडा मागें मागें ढकलीत पाण्यांत नेतात, आणि होडी तरंगूं लागली कीं रिकामा गाडा बाहेर ओढून घेतात. हाच बोटीचा ट्रेलर. होडीला लोक जपतात, तिला नांव देतात, हौसेनें रंगवितात. ट्रेलरकडे कोणी पाहात नाहीं. पाहण्याची वेळ येते ती तो विकावयास काढल्यावर. मग बाजारांतून काळ्या रंगाचा एक डबा येतो, आणि रविवारच्या एका दुपारींत दहा वर्षांचा गंज दिसेनासा होतो.

हा डबा हेंच या प्रकरणांतलें खरें दुखणें आहे. होडी व तिचें यंत्र मिळून सातआठशें किलोंचें ओझें त्या गाड्यावर सहज असतें, आणि तें हमरस्त्यावरून मोटारीच्या वेगानें धांवतें. वाटेंत कमानीचा पाटा तुटला किंवा आंस निखळला, तर नुकसान एकट्या नव्या मालकाचें होत नाहीं. मागून येणाऱ्या मोटारींतील माणसांनीं तर तो ट्रेलर विकतही घेतलेला नसतो. म्हणून विक्रीपूर्वीं गंजाचें काय करावें या प्रश्नाच्या पोटांत पहिला प्रश्न असा आहे, कीं गंज किती खोल गेला आहे? त्याचें उत्तर मिळण्यापूर्वीं ब्रश हातांत घेणें म्हणजे नाडी न पाहतां रोग्याच्या तोंडाला पावडर लावण्यासारखें आहे.

लोखंड गंजण्यास पाणी आणि हवेंतील प्राणवायु हीं दोन्ही लागतात, हें शाळेंतच शिकवितात. मिठाचें त्यांत काम काय, हें मात्र पुष्कळांना ठाऊक नसतें. गंज चढणें ही मूळची विजेची क्रिया आहे. लोखंडाच्या एका भागांतून विद्युत्कण सुटतात, ते धातूंतूनच दुसऱ्या भागाकडे जातात, आणि पृष्ठभागावरील ओलाव्यांतून तें वर्तुळ पुरें होतें. गोड्या पाण्यांतून वीज फार कष्टानें वाहते. समुद्राच्या पाण्यांत शेंकडा सुमारें साडेतीन भाग क्षार असल्यामुळें तिला तेथें मोकळी वाट मिळते. शिवाय समुद्राचें मीठ हवेंतील ओल शोषून घेतें. त्यामुळें अंगणांत महिनाभर उभा असलेला ट्रेलर दिसावयास कोरडा दिसला, तरी तो कोरडा नसतो. मुंबईंत समुद्राजवळ राहणाऱ्यांना हा अनुभव खिडक्यांच्या गजांनीं घरबसल्या दिलेलाच आहे.

गंज नेमका कोठें खोल जातो, याचा उलगडा केंब्रिज येथील शास्त्रज्ञ युलिक इव्हान्स यांच्या एका साध्या प्रयोगानें होतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील ही गोष्ट. घासून चकचकीत केलेल्या लोखंडी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवावयाचा. त्या पाण्यांत दोन द्रव्यें मिसळलेलीं असतात. लोखंड जेथें विरघळतें तेथें एक निळें होतें, आणि प्राणवायु जेथें खर्ची पडतो तेथें दुसरें गुलाबी होतें. थोड्याच वेळांत थेंबाच्या मध्यभागीं निळा ठिपका व कडेनें गुलाबी वलय उमटतें. हवा जिला भरपूर मिळते ती कड सुरक्षित राहते, आणि हवा जेथें पोंचत नाहीं तो मध्यभाग झिजत जातो! सामान्य समजुतीच्या अगदीं उलट असा हा निकाल आहे. ट्रेलरला तो लावून पाहिला म्हणजे ध्यानांत येतें, कीं उघड्या दांड्यावरची लाली ही पुष्कळदां वरवरची असते. खरी झीज चाललेली असते ती आंस आवळून धरणाऱ्या पट्ट्यांखालीं, कमानीच्या एकावर एक बसविलेल्या पाट्यांमध्यें आणि चौकोनी पोकळ नळ्यांच्या पोटांत. या नळ्यांत समुद्राचें पाणी शिरतें, तळाशीं सांचतें, आणि बाहेरचा रंग शाबूत असतांना आंतून पोलाद खात राहतें.

डोळ्यांनीं गंजाचा अंदाज घेण्यांत आणखी एक फसगत आहे. गंज हा ज्या लोखंडापासून होतो त्याच्या अनेक पटींनीं जागा व्यापतो. त्यामुळें जाड पापुद्रे सुटलेला भाग भयंकर दिसतो, पण ते खरवडले असतां खालीं पुरेसें पोलाद शिल्लक आढळतें. उलट एखादी गुळगुळीत नळी बोटाएवढ्या जागीं कागदासारखी झालेली असते. नळीची भिंत तीन मिलिमीटर जाडीची असेल आणि एक मिलिमीटर खाल्ली गेली असेल, तर एक तृतीयांश पोलाद गेलेंच. शिवाय गंजानें पाडलेल्या खळग्यांपाशीं सारा ताण एकवटतो आणि चीर तेथूनच सुरू होते.

म्हणून पहिलें हत्यार ब्रश नव्हे, तर हातोडी. होडी उतरवून ट्रेलर भक्कम ठोकळ्यांवर टेकवावा, गोड्या पाण्यानें धुवावा, आणि लहान हातोडीनें वीतवीत अंतरावर ठोकीत जावें. निकोप पोलाद खणखणीत वाजतें. खंगलेलें भद्द वाजतें. जेथें आवाज बदलेल तेथें टोकदार टोच्या जोरानें दाबून पाहावा. तो आंत गेला तर त्या भागापुरता वाद संपला. नळ्यांच्या तळाला पाणी वाहून जाण्यासाठीं ठेवलेलीं भोकें तारेनें मोकळीं करावीं. त्यांतून पापुद्रे व काळा गाळ पडूं लागला, तर आंतलें वर्तमान बाहेर आलें असें समजावें. सांध्यांतून ओघळलेले तांबूस डाग हीही तीच खूण.

जो गंज वरवरचा ठरेल त्यावर उपाय सोपा, पण कष्टाचा आहे. तारेचा ब्रश व पॉलिश कागद यांनीं तो चकचकीत धातूपर्यंत घासून काढावा. खळग्यांत जो राहील त्यासाठीं फॉस्फरिक आम्लाचें किंवा टॅनिनचें द्रावण मिळतें. तें गंजाचें रूपांतर टिकाऊ काळसर थरांत करतें. टॅनिनची किमया महाराष्ट्रास नवी नाहीं. हिरडा आणि हिराकस यांपासून जी काळी शाई होत असे, तिच्यांतही लोखंड व टॅनिन यांचाच संयोग आहे. मात्र हीं द्रावणें सुटे पापुद्रे चिकटवून ठेवीत नाहींत, आणि गेलेलें पोलाद परत आणीत नाहींत. नंतर जस्तयुक्त प्रायमर आणि त्यावर रंगाचे दोन हात. डांबरी लेपाचा मोह पुष्कळांना होतो, कारण तो जाड बसतो व सारें झांकतो. पण खालीं ओल राहिली तर तो तिलाच कोंडून धरतो, आणि जाणता गिऱ्हाईक असा ताजा लेप पाहिला कीं आधीं संशयच घेतो.

पोलादावर मुळांतच जस्ताचा मुलामा असेल तर गोष्ट थोडी निराळी. सोरेल या फ्रेंच माणसानें १८३७ सालीं पेटंट घेतलेल्या या पद्धतींत सुमारें ४५० अंश उष्णतेच्या वितळलेल्या जस्तांत पोलाद बुडवितात. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वांचवितें. पांढरट भुकटी दिसली तर ती जस्ताच्या झिजेची. लाली दिसूं लागली म्हणजे त्या ठिकाणचा पहारेकरी संपला. अशा ट्रेलरवर आम्ल सरसकट चोळूं नये. उरलेलें जस्तही तें खाऊन टाकतें.

ज्या भागांत टोच्या शिरला, त्याचें काय? येथें भाग सुटा होणारा आहे कीं अखंड, हें पाहावें. कमानी, आंस, त्यांचे बोल्ट व पट्ट्या, बोल्टांनीं बसविलेल्या आडव्या दांड्या हीं सारीं सुटीं अंगें आहेत. तीं नवीं घालणें हाच शहाणपणा. कमानीच्या तुटक्या पाट्याला वेल्डिंग करणें हा तर शुद्ध अविचार होय, कारण त्या उष्णतेनें पोलादाला दिलेलें पाणी उतरतें व स्थितिस्थापकता जाते. अखंड चौकटीवर ठिगळ लावतांना आसपासचें पोलाद निकोप असलें पाहिजे. पातळ झालेल्या पत्र्यावर ज्योत धरली कीं भोंक मोठें होतें, ठिगळ बसत नाहीं. आणि मोटारीला जोडणारी पुढची मुख्य दांडीच आंतून पोखरलेली असेल, तर तो ट्रेलर भंगाराच्या भावानें, भंगार म्हणूनच द्यावा. या निर्णयाला लोकांचें मन सहजासहजीं तयार होत नाहीं, कारण चाकें, दिवे, कप्पी सारें अजून चालत असतें. पण तीं काढून निराळीं विकतां येतात.

झांकलेल्या दोषाविषयीं न्यायालयांनीं काय म्हटलें आहे, हें पाहण्यासाठीं इंग्लंडमधील १८१३ सालच्या ‘श्नायडर विरुद्ध हीथ’ या खटल्याकडे जावें लागतें, आणि गंमत अशी कीं तो खटलाही जहाजाचाच आहे. जहाज ‘सर्व दोषांसह’ विकलें होतें. त्याचा तळ किड्यांनीं खाल्लेला व कणा मोडलेला होता. तें कोरड्यावर होतें तोंवर हें दिसण्याजोगें होतें. विक्रीपूर्वीं तें मुद्दाम पाण्यांत लोटून तरंगत ठेवलें. न्यायालयानें ठरविलें, कीं दोष लपविण्याची युक्ति करणाऱ्यास ‘सर्व दोषांसह’ या शब्दांचा आडोसा मिळत नाहीं. हिंदुस्थानांतील १८७२ च्या करार कायद्याचें सतरावें कलमही याच दिशेचें आहे. नुसतें गप्प बसणें सामान्यतः फसवणूक ठरत नाहीं. पण माहीत असलेली गोष्ट बुद्ध्या झांकणें ही फसवणूक होय. गंजाच्या भोंकांत लुकण भरून त्यावर रंग फासणें या दोहोंपैकीं कशांत मोडतें, हें सांगण्यास वकील नको.

व्यवहाराच्या दृष्टीनेंही उघडेपणा तोट्याचा ठरत नाहीं. रंग देण्यापूर्वीं घासलेल्या पोलादाचीं छायाचित्रें काढून ठेवावीं, बदललेल्या भागांच्या पावत्या जपाव्या, आणि उरलेला दोष विक्रीच्या कागदावर लिहावा. गिऱ्हाईक त्यासाठीं थोडी किंमत पाडून मागेल. पण ताज्या रंगाखालीं काय आहे हें ठाऊक नसतां तो स्वतःच्या भीतीसाठीं त्याहून अधिक पाडून मागतो.

शेवटीं चाकांच्या बेअरिंगांकडे पाहावें. प्रवासानें तापलेलीं चाकें थंड पाण्यांत शिरलीं कीं आंतील हवा आकसते आणि खारें पाणी आंत ओढलें जातें. ग्रीस दुधाळ होतें व गोळ्या गंजतात. जुनें ग्रीस पुसून, बेअरिंगें तपासून, नवें भरल्यावर गिऱ्हाइकाला बरोबर घेऊनच ट्रेलर आठदहा किलोमीटर ओढून आणावा, आणि थांबल्यावर दोघांनींही प्रत्येक चाकाच्या तुंब्याजवळ जपून हात न्यावा. किंचित् कोमट लागला तर ठीक. एकच चाक इतरांहून कढत लागलें, तर पैसे मोजण्यापूर्वीं तें पुन्हां उघडावें.