हळदीने उमटणारा गुप्त मजकूर

नंदुरबार-शहाद्याच्या कोणत्याही स्वयंपाकघरात सापडणाऱ्या लिंबाच्या रसात काडी बुडवून कोऱ्या कागदावर लिहिले व ते वाळू दिले, म्हणजे अक्षरे अदृश्य होतात. परंतु तोच कागद गरम इस्त्रीखाली धरला असता रसातील सेंद्रिय द्रव्ये कागदाच्या आधी करपून तपकिरी मजकूर प्रकट होतो. १९१५ साली लंडनच्या टॉवरमध्ये देहान्त शासन झालेला जर्मन हेर कार्ल म्युलर याच्या मुकदम्यात लिंबूच पुराव्यादाखल सादर झाले होते.

तथापि सातपुड्यात, धडगाव-मोलगीकडे, जिथे शाळेला प्रयोगशाळा लाभणे दुर्घट, तिथल्या मुलांसाठी मला विस्तवाविना साधणारी दुसरी रीत अधिक मोलाची वाटते. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लिहावे, कागद पुरता वाळवावा आणि स्पिरिटात भिजवलेली हळद कापसाच्या बोळ्याने त्यावर फिरवावी. हळदीतील कुर्कुमिन हे पीतद्रव्य अल्कलीच्या स्पर्शाने तांबूस होत असल्यामुळे पिवळ्या कागदावर लाल अक्षरे उठतात. चुन्याच्या योगाने हळदीचे कुंकू करणाऱ्यांना हा रासायनिक व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. स्पिरिट ज्वालाग्राही असल्याने ते मोठ्या माणसाने, चुलीपासून दूर, स्वतः हाताळावे.