जाकीट बाकाखाली, जीव पाण्यावर

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी नौकेवर, इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा जीव हकनाक गेले. जाकिटाशिवाय प्रवाशांना नेऊ नये, ही सक्ती अमलात आली ती या दुर्घटनेनंतर! १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसे दगावली होती. शहाणपणासाठी दर वेळी प्रेते मोजावी लागावीत काय, असा आमचा सवाल आहे.

धोका केवळ समुद्रात असतो, असेही नाही. बुऱ्हाणपूरच्या राजघाटाशी शांत दिसणारी तापी पुढे सुरतेजवळ आपल्याच सागराला मिळते. बुडणाऱ्याला मात्र पाणी गोडे की खारे, याने काही फरक पडत नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची होडी उलटून बारा विद्यार्थी व दोन शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. अनेक मुलांच्या अंगात जाकिटे नव्हती. तेथे ना वादळ होते, ना भरती.

‘आम्हांला पोहता येते,’ असे आमचे दर्यावर्दी बांधव अभिमानाने सांगतात. तो अभिमान रास्त आहे. परंतु डोक्याला मार लागून शुद्ध हरपली, तर कोणती पोहण्याची कला कामी येणार? चांगले जाकीट माणसाला तरंगत ठेवते. ते बाकाखाली बांधून ठेवले, तर ऐन गोंधळात सापडत नाही आणि पाण्यात पडल्यावर चढवणेही दुरापास्त होते. म्हणून ते किनाऱ्यावरच अंगात घालावे, मापाचे असावे आणि त्याचे बंद शाबूत असावेत.

दुसरी गोष्ट चालकाची. इंजिन बंद करणाऱ्या कळीची दोरी त्याने अंगाशी अडकवलेली असावी. तो बाहेर फेकला गेला तर ती निसटते व इंजिन थांबते. दोरी नसेल, तर तीच होडी फिरून येऊन आपल्या धन्याला पंख्याखाली घेऊ शकते. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने ती तळाशी साचते. तेव्हा इंजिन सुरू करण्यापूर्वी ती निघून जाऊ द्यावी आणि अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवावे. तरंगते कडे, शिटी, विजेरी आणि पाणी उपसण्याची बादली, ही सामग्री काही चैनीची नव्हे.

१९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ मध्ये अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा आला. पण कायद्याचा कागद पाण्यावर तरंगत नाही. उकाड्याची सबब सांगून जाकीट नाकारणारा प्रवासी आणि खेप बुडेल म्हणून गप्प बसणारा मालक, दोघेही सारखेच दोषी आहेत. शेवटच्या माणसाचे बंद आवळले जाईपर्यंत इंजिन सुरू न करण्याचा अधिकार तांडेलाला असला पाहिजे आणि त्यापायी त्याची रोजी जाता कामा नये.

नारळी पौर्णिमेला आपण दर्याला श्रीफळ अर्पण करतो. त्याच दिवशी होडीतील जाकिटेही बाहेर काढून तपासली, तर दर्याला दिलेला मान अधिक सार्थ होईल.