रजताचे अब्जांश कण : उपयुक्तता, विषाक्तता आणि वैद्यांची दक्षता

रजत वैद्यांना नवे नाही. भस्म आणि वर्ख या दोन रूपांत ते आपल्या परिचयाचे आहे. गेल्या दोन-अडीच दशकांत त्याचे तिसरे रूप बाजारात रूढ झाले; ते म्हणजे अब्जांश कण, अर्थात नॅनोसिल्व्हर. १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे हे कण जखमेच्या पट्ट्या, मलमे, जलशुद्धीची साधने आणि पायमोज्यांतही वापरले जातात. ‘कलॉइडल सिल्व्हर’ या नावाने ते पोटात घेण्यासाठीही विकले जातात व ‘हे रौप्य भस्माचेच आधुनिक रूप’ असे सांगितले जाते. या विधानाची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गुण व दोष यांचे मूळ एकच

कण जितका लहान, तितके समान वजनामागे त्याचे पृष्ठफळ अधिक. या पृष्ठभागावरून सुटणारे रजताचे आयन प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना चिकटतात व विकरांचे कार्य रोखतात. पेशीतील ऑक्सिडीकरणाचा ताणही वाढतो. जंतू मरतात ते यामुळेच; परंतु ही क्रिया जंतूंपुरती मर्यादित राहत नाही.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत जखमांसाठी नॅनोसिल्व्हरचे जेल विकसित करताना त्याची विषाक्तताही तपासली गेली. २००८ व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत संवर्धित कर्कपेशींना निम्म्याने बाधित करणारी मात्रा दर मिलिलिटरला सुमारे ११ मायक्रोग्रॅम आढळली. उंदराच्या तंतुपेशींसाठी ती ६१ व यकृतपेशींसाठी ४४९ होती. द्रव्य एकच, पण पेशीगणिक सहनशक्ती भिन्न. म्हणून त्वचेवर सुरक्षित ठरलेले द्रव्य पोटातही सुरक्षित असेल, असे मानता येत नाही.

कलॉइडल सिल्व्हरच्या दीर्घ सेवनाने त्वचा निळसर-करडी होते. ‘आर्जिरिया’ नावाचा हा विकार सहसा कायमचा असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ मध्येच, चिठ्ठीविना विकली जाणारी अशी औषधे सुरक्षित व परिणामकारक मानता येत नाहीत, असा निर्णय दिला.

पाणी आणि माती

पायमोजे धुताना त्यांतील रजत पाण्यात उतरते, हे २००८ मध्ये अमेरिकेतील संशोधनातून दिसले. कॅनडातील एका प्रायोगिक सरोवरात २०१४ व २०१५ मध्ये नॅनोसिल्व्हर सोडले असता माशांच्या यकृतात रजत साठले व पर्च जातीच्या माशांची संख्या घटली. शहरी मैलाशुद्धीकरण केंद्रांत गंधकाच्या संयोगाने बहुतांश रजताचे सल्फाइड बनते व त्याची तीव्रता उतरते. तामलवाडीसारख्या गावात मात्र असे केंद्र मध्ये नसते. धुवण थेट जमिनीत किंवा ओढ्यात जाते. पिण्याच्या पाण्यात रजताची भारतीय मानक मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे.

भस्म आणि अब्जांश कण

शास्त्रोक्त भस्मात निश्चंद्रत्व अपेक्षित असते. धातूची चकाकी, म्हणजेच मुक्त धातू, शिल्लक राहता कामा नये. नॅनोसिल्व्हर हा तर मुक्त धातूच. म्हणून दोहोंना एक मानणे रसशास्त्राच्याच कसोटीला उतरत नाही. तसेच रेखापूर्णत्वावरून भस्म ‘नॅनो’ असल्याचे सिद्ध होत नाही. बोटावरील रेषा मिलिमीटरच्या अंशांत मोजल्या जातात. अब्जांश कण त्याहून हजारो पटींनी लहान असतात. जाहिरातीत ‘नॅनो’ शब्द वापरणाऱ्याने नॅनोकणांच्या विषाक्ततेची उत्तरेही दिली पाहिजेत.

व्यवहारात काय करावे?

१. कलॉइडल सिल्व्हर रौप्य भस्माचा पर्याय म्हणून देऊ वा सुचवू नये.
२. रुग्ण असे द्रावण घेत आहे का, हे विचारावे. नखे व हिरड्या निळसर दिसल्यास सेवन तत्काळ थांबवावे.
३. नॅनोसिल्व्हरयुक्त मलम मर्यादित क्षेत्रावर, मर्यादित काळ वापरावे.
४. औषधनिर्मात्यांनी रजतयुक्त धुवण व गाळ विहिरीजवळ वा ओढ्यात टाकू नये. वेगळा साठवून अधिकृत घातक-कचरा व्यवस्थेकडे द्यावा.

सूक्ष्मतेमुळे द्रव्याचे वीर्य वाढते, हे आपण मानतो. त्याच न्यायाने त्याचा अपायही वाढू शकतो, हे मान्य करून मात्रा ठरविणे हेच वैद्याचे काम आहे.