घर विकताना बंद पडलेली मोटर

उंब्रजसारख्या महामार्गावरच्या गावात घराचा सौदा बोअरची मोटर, गच्चीवरचा सोलर, गीझर यांच्यासकट ठरतो. इसार दिला जातो आणि खरेदीखताआधीच मोटर बंद पडते. आता खर्च कोणाचा?

मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 8 नुसार, वेगळं ठरलं नसेल तर घरासोबत कुलपं, किल्ल्या, दारं, खिडक्या आणि कायम वापरासाठी बसवलेल्या वस्तूही जातात. बोअरमध्ये सोडलेली मोटर त्यात धरायला चांगला आधार आहे. स्वयंपाकघरातल्या फ्रिजला तो नाही. वेगळा करार नसेल तर कलम 55 विक्रेत्याला दोन गोष्टी बंधनकारक करतं: त्याला माहीत असलेला पण साध्या पाहणीत न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगणं, आणि करारापासून ताबा देईपर्यंत घर काळजीनं सांभाळणं. म्हणून मधल्या काळातला बिघाड लपवू नये. जमिनीखालची मोटर खरेदीदाराला दिसणार तरी कशी?

लगेच नवी मोटरही घेऊ नका. बऱ्याचदा पॅनेलमधला कपॅसिटर गेलेला असतो किंवा केबल जळालेली असते, आणि दुरुस्ती स्वस्तात होते. मेकॅनिककडून लेखी अंदाज घ्या. मग दुरुस्त करून द्या, नाहीतर तेवढी रक्कम किमतीतून वजा करा. माझ्या मते दुसरा मार्ग बरा, कारण खरेदीदार आपल्या पसंतीची मोटर बसवतो. जे ठरेल ते साठेखतात किंवा सह्या केलेल्या पुरवणी कागदावर लिहा. खरेदीदारांनी सही करण्याआधी मोटर अर्धा तास चालवून पाणी पाहावं.