पाठ झालेला शब्द आठवड्यात कुठे जातो?

रायपूरहून दुर्गकडे निघालं की खारून नदी ओलांडल्यावर कुम्हारी लागते. इथल्या मराठी घरातलं मूल घरी मराठी, गल्लीत छत्तीसगढी आणि शाळेत हिंदी बोलतं. यातली एकही भाषा बोलायला त्याला शब्दांची यादी लागलेली नसते. इंग्रजी मात्र वहीतूनच येते. डावीकडे शब्द, उजवीकडे हिंदी अर्थ, आणि ‘पाच-पाच वेळा लिहून आण’. छत्तीसगढ सरकारने २०२० मध्ये स्वामी आत्मानंद इंग्रजी माध्यम शाळा सुरू केल्या आणि इंग्रजी बोलणारं कुणीच नसलेल्या घरांतही ही वही पोचली.

मुलं शब्द पटकन उचलतात, हे खरं आहे. सुझन केरी आणि एल्सा बार्टलेट यांनी १९७८ मध्ये बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. ‘तो निळा ट्रे नको, क्रोमियम ट्रे आण,’ एवढंच सहज बोलता बोलता सांगायचं. ट्रे होता ऑलिव्ह-हिरवा. मुलांनी तो बरोबर आणला आणि ‘क्रोमियम’ हे रंगाचं नाव असणार, हेही बऱ्याच जणांनी ताडलं. पण ताडणं वेगळं, टिकवणं वेगळं. २००८ मध्ये जेसिका हॉर्स्ट आणि लारिसा सॅम्युएलसन यांनी दोन वर्षांच्या मुलांना असेच नवे शब्द दिले. मुलांनी बरोबर वस्तू उचलली, पण जेमतेम पाच मिनिटांनी विचारल्यावर बहुतेक शब्द हरवलेले होते.

मग टिकतं कशाने? पालकांचं उत्तर ठरलेलं: घोकून. त्याला सर्वांत जोरदार धक्का २००८ मध्येच बसला. जेफ्री कार्पिक आणि हेन्री रोडिगर यांनी अमेरिकी विद्यार्थ्यांना स्वाहिली शब्दांच्या चाळीस जोड्या इंग्रजी अर्थासह दिल्या. काहींनी पाठ झालेले शब्दही पुन्हा पुन्हा वाचले. काहींनी ते वाचणं थांबवलं, पण अर्थ झाकून पुन्हा पुन्हा आठवून पाहिला. आठवड्यानंतर आठवणाऱ्यांना सुमारे ८० टक्के शब्द आले. पाठ झालेला शब्द आठवून पाहणं ज्यांनी सोडून दिलं होतं, ते ३५ टक्क्यांच्या आसपास अडकले. मला यातली सर्वांत बोलकी गोष्ट वेगळीच वाटते. ‘आठवड्याने किती आठवेल?’ असं आधी विचारलं, तेव्हा सगळ्या गटांनी जवळजवळ सारखाच अंदाज दिला होता: निम्मे. म्हणजे आपला अभ्यास पक्का झाला की नाही, हे अभ्यास करणाऱ्यालाच कळत नाही. पाच वेळा लिहिताना मूल तिसऱ्या वेळेपासून वरच्या ओळीची नक्कल करत असतं. हात चालतो, आठवण बसून राहते.

आठवण्यात अंतरही हवं. हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह स्वतःच पाठ करून विस्मरणाचा आलेख मांडला तो १८८५ मध्ये. एकाच बैठकीत रेटलेल्या पाठांतरापेक्षा दिवसांत विभागलेलं पाठांतर जास्त टिकतं, हेही त्यांनीच दाखवलं. शाळांना ते अजून पुरतं उमगलेलं नाही: सोमवारी दिलेले शब्द मंगळवारच्या डिक्टेशनला येतात आणि मग थेट परीक्षेत.

तिसरी गोष्ट कानाची. फिनलंडमध्ये एलिसाबेट सर्विस यांनी मुलांना इंग्रजीसारखे वाटणारे पण अर्थ नसलेले शब्द ऐकवून म्हणायला लावले. ज्यांना ते नीट म्हणता आले, त्यांचं इंग्रजी पुढच्या अडीच वर्षांत सरस ठरलं. ध्वनी मनात नीट बसला तरच अर्थाला टांगायला खुंटी मिळते. म्हणून आधी तोंडाने, मग स्पेलिंगने.

इथे कुम्हारीच्या मुलाची एक जमेची बाजू आहे. जवळच्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली. त्यामुळे शिफ्ट, प्लांट, सेक्टर, क्वार्टर हे शब्द या पट्ट्यात आजीच्याही तोंडी असतात. त्यांचा ध्वनी मुलाला ठाऊक आहे, उच्चार थोडा घासून घ्यावा लागेल इतकंच. स्पेलिंगची सुरुवात अशा शब्दांपासून केली तर मुलाला एका वेळी एकच नवी गोष्ट पेलावी लागते. ॲपलपासूनच आरंभ करण्याची परंपरा कशासाठी जपायची?

घरी इंग्रजी येत नसलं तरी अडत नाही. आईने वहीची डावी बाजू झाकायची, हिंदी अर्थ वाचायचा आणि मुलाने इंग्रजी शब्द सांगायचा. तो अडला तर लगेच दाखवायचं नाही. थोडं चाचपडू द्यायचं, मग हात काढायचा. आज पाच शब्द, परवा त्यातलेच, आठवड्याने पुन्हा तेच आणि दोन नवे. स्वयंपाक चालू असताना, रस्त्यावरचे दिवे लागायच्या आधी, पाच मिनिटं पुरतात.